गॅलरीतलं वावर

आमच्या गॅलरीत माझ्या सासूबाई आहेत. म्हणजे त्यांची राख आहे. बाळापूरजवळच्या आमच्या वावरातल्या काळ्या मातीत मिसळलेली, आणि ती माती कठड्याजवळ ओळीने मांडलेल्या कुंड्यांमध्ये भरलेली. त्या कुंड्यांना कीड लागली. माती फेकून दे, नवीन आण, असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांना एवढं सगळं समजावत बसण्यापेक्षा मी मान डोलवायची आणि विषय बदलायची.

गावाकडे हल्ली राख नदीला न्यायची पद्धत मागे पडत चालली आहे. आपल्याच वावरात धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, खड्डा करायचा, राख त्यात टाकायची आणि वर एक झाड लावायचं. दुर्गाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, खुशालरावांनी, तसंच केलं. मी त्यांना मामाजी म्हणते. वर जांभूळ लावलं. पुढे रस्ता रुंद करायचं निघालं आणि वावराची नेमकी तीच कड त्यात गेली. मशीन येणार त्याच्या आदल्या दिवशी मामाजी फावडं घेऊन गेले, जांभळाखालची माती खणून दोन पोत्यांत भरली, उरलेलं वावर पुतण्याला, देवमनला, बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, देऊन टाकलं आणि ती पोती घेऊन अकोल्याला आमच्याकडे कायमचे राहायला आले. ऑटोवाला म्हणाला, पोती दुसऱ्या मजल्यावर चढवणं आपलं काम नाही. मग मी आणि माझा नवरा विपुल, आम्ही दोघांनी ती एकेक पायरी ओढत वर नेली. तेव्हापासून माझी पाठ दुखते, पण ते सांगायचं कोणाला.

सासूबाईंचं आणि माझं कधी जमलं नाही. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याविषयी एक बरा शब्द काढला नाही, एवढंच. मी केलेली पोळी उलटसुलट करून बघायच्या आणि काही न बोलता परत ठेवायच्या. त्या गेल्या तेव्हा मी रडले, अगदी मनापासून रडले, आणि रडता रडता मनात आलं की चला, सुटले. सुटले कसली. जिवंत होत्या तोवर सणावाराला भेटायच्या. नंतर रोज संध्याकाळी त्यांच्या मातीचा चिखल मी गॅलरीतून पुसू लागले.

मी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. मूर्तिजापूरची गाडी कधी, अमरावतीची गेली का, चिखलदऱ्याला थेट आहे की परतवाड्याला उतरावं लागते, हे दिवसभर सांगायचं. गाडी उशिरा आली तर ती जणू मीच घरी झाकून ठेवली होती, अशा थाटात लोक बोलतात. संध्याकाळी घरी येते तेव्हा तोंडाला कोरड पडलेली असते आणि कोणी माझं नाव जरी घेतलं तरी अंगावर काटा येतो. विपुल रोज अमरावतीला जाऊन-येऊन करतो, तो रात्री जेवायला उगवतो. मुलगी मोनाली नागपूरला होस्टेलवर. घरात मी आणि मामाजी. मामाजींना माझा स्वभाव कळला होता. मी आले की ते टीव्हीचा आवाज कमी करायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे.

तिथे ते सासूबाईंशी बोलायचे. हे मी फार लवकर पाहिलं. कुंडीतलं तण उपटता उपटता, खुरप्याने माती उकरता उकरता, हळू आवाजात काहीतरी सांगत असायचे. मला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायची इच्छाही नव्हती. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, कोणाला त्रास नाही. आपल्याला गप्प बसायला मिळतं ना, झालं.

त्रास मातीचा होता. काळी माती वावरात सोनं असेल, कुंडीत तिचा नुसता छळ. पाणी घातलं की लगदा, चार दिवस ऊन लागलं की बोट जाईल एवढ्या भेगा, आणि भेगा पडल्या की पाणी कुठेही न थांबता थेट खाली, मायाताईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर. मायाताई खालच्या मजल्यावर राहतात, बोलायला गोड आहेत, आणि त्या गोड बोलत वर आल्या की मला धडकी भरते. थोडी रेती मिसळू, कोकोपीट मिसळू, असं मी मामाजींना सुचवून पाहिलं. तिच्या मातीत भेसळ नको, म्हणाले. मात्र देवमनकडून पोतंभर शेणखत आणलं, कारण शेणखत म्हणजे काही भेसळ नव्हे. ते अर्धंकच्चं होतं. त्याच्याबरोबर हुमणी आली. बोटाएवढी पांढरी, वाकडी, गुबगुबीत अळी, मातीत दडून मुळं खाणारी. मोगरा वरून हिरवा दिसत होता आणि एक दिवस हात लावला तर अख्खा हातात आला, खाली मूळच नाही.

आता झाड गेलं तर शहाणा माणूस ती माती बाजूला काढेल. मामाजींनी ती जुन्या चादरीवर पसरली, ढेकळं फोडली, दिसल्या तेवढ्या अळ्या वेचल्या आणि ओंजळ-ओंजळ करून बाकीच्या सगळ्या कुंड्यांत वाटून टाकली. असं प्रत्येक झाडामागे. मिरची गेली, तिची माती वांग्यात. वांगं गेलं, त्याची शेवंतीत आणि कढीपत्त्यात. ओंजळभर माती घराबाहेर जाऊ द्यायची नाही, कारण सासूबाई नेमक्या कोणत्या ओंजळीत आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. हळूहळू एका कुंडीतली कीड सगळ्यांना मिळाली. खोडांवर पिठासारखी पांढरी कीड बसली, ओल्या मातीतून बारीक काळी चिलटं निघू लागली आणि ती वरणात, चहात, माझ्या डोळ्यांत जाऊ लागली.

मी एकदा शांतपणे विषय काढला. म्हटलं, मामाजी, ही माती खराब झाली, बदलून टाकू. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी घर पेटवू म्हणाले.

"वावर कोनी फेकून देते का?" ते म्हणाले. "पीक गेलं तं नांगर फिरवा, पुन्हा पेरा. आमी जलमभर हेच केलं."

वावर उघड्यावर असतं. उन्हाळ्यात नांगरलं की माती तापते, किडी वर येतात, पाखरं वेचून खातात, कोस-कोस जमीन श्वास घेते. प्लॅस्टिकच्या कुंडीत जे गेलं ते तिथेच राहतं आणि तिथेच वाढतं. हे सगळं मला कळत होतं, पण चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हातून आल्यावर एवढं बोलायचं त्राण कुणाला होतं? मी निंबोळीचं तेल आणलं, साबणाचं पाणी फवारलं, हळद टाकली, जुन्या ब्रशने खोडं घासली. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी चिलटं हजर. मामाजी हे उपचार बघून हसायचे. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, असं उटणं लावत बसलो असतो तर विपुल शिकला नसता, म्हणायचे.

मे महिन्यात ते दोन दिवस गावी जाऊन आले. येताना देवमनकडून आंबे आणले आणि आंब्यांच्या खाली कापडात गुंडाळून एक बाटली आणली, ती मला दाखवली नाही. पराटीवर मारायचं औषध होतं, तळाला उरलेलं. पंधरा लिटरच्या पंपाला एक झाकण, हे माप त्यांच्या हाताला आयुष्यभराचं. इथे पंप नव्हता. त्यांनी मोरीतल्या लहान बादलीत एक झाकण टाकलं, मग कीड जुनाट आहे म्हणून अजून एक, आणि मी कामावर असताना ते पाणी मगाने सगळ्या कुंड्यांत घातलं. खोडांवर पांढरी कीड होती, म्हणून निंबाच्या डहाळीने झाडांवरही शिंपडलं. मला वासाचा त्रास नको म्हणून त्यांनी नंतर फिनाइल टाकून सगळी गॅलरी पुसून काढली, आणि दमून झोपले. हे सगळं मला नंतर कळलं.

मी घरी आले तर फिनाइलचा वास. मला बरं वाटलं, खरं सांगते. म्हटलं, आज पुसायचं वाचलं. उन्हाने दुसरं काही खावंसं वाटत नव्हतं, म्हणून कढी टाकली आणि गॅलरीत जाऊन कढीपत्त्याची एक काडी तोडली. नळाखाली धरल्यासारखी केली आणि फोडणीत टाकली. मीठ बघायला थोडी कढी तळहातावर घेऊन चाटली. मामाजी उठून आले, पाटावर बसले, मी त्यांच्यासमोर वाटी ठेवली.

ते वाटीकडे बघत राहिले. हा पाला कुठला, असं विचारलं. मी म्हटलं, कुठला असणार, गॅलरीतला. ते उठले. त्या वयाचा माणूस इतक्या झपाट्याने उठताना मी पाहिला नव्हता. गॅसवरचं गरम पातेलं त्यांनी नुसत्या हातांनी उचललं आणि सगळी कढी मोरीत ओतली. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू खाल्लं का?" ते विचारत होते. "साधना, तू तोंडात घातलं का?"

दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच आहे. मामाजी बाटली घेऊन, भाजलेल्या हातांनी, चप्पल न घालता माझ्या पुढे चालत होते. डॉक्टरांनी बाटली वाचली, किती घेतलं ते विचारलं, डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली आणि दोन-तीन तास इथेच थांबा म्हणाले. मळमळलं, घाम सुटला, तोंडाला पाणी सुटलं तर लगेच सांगायचं. घाम तर उन्हाळ्यामुळे सगळ्यांनाच सुटत होता. मामाजी समोरच्या बाकावर बसले आणि माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. मध्येच म्हणाले की आपल्याकडे नत्थुजी फवारायला यायचा, औषध अंगात भिनून गेला त्या दिवशी तोही संध्याकाळपर्यंत चांगला हसून बोलत होता. मी त्यांना म्हटलं, हे आता नका सांगू. मला भीती वाटत होती. मोनालीला फोन करावा असं वाटत होतं आणि केला तर ती घाबरेल म्हणून करवत नव्हता. त्यांच्यावर राग येत होता, त्यांच्या हातांवरचे फोड बघून तो राग धड करताही येत नव्हता.

मला काही झालं नाही. डॉक्टरांनी मामाजींच्या हातांना मलम लावून पट्ट्या बांधल्या आणि आम्हाला घरी सोडलं. विपुल आला तेव्हा आम्ही दोघं कुलूप न उघडता जिन्यात बसलो होतो, कारण घरात जायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. त्याला सगळं सांगितलं.  त्याने नुसती गॅलरीची कडी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी स्वतःच म्हणाले, माती टाकून द्या.

इतके महिने मी ज्याची वाट बघत होते ते असं आलं, आणि आल्यावर कळलं की माती टाकायची कुठे हाच आता प्रश्न आहे. आधी ती कुठल्याही नदीत गेली असती. आता औषध कालवलेली माती पाण्यात टाकायची नाही, गुरं पितात, असं मामाजीच म्हणाले. वावरात नेऊ म्हटलं तर तिथे देवमनच्या शेळ्या चरतात. घंटागाडीत टाकायचं नाव विपुलने काढलं तेव्हा ते उठून आत गेले. शेवटी आमच्या इमारतीच्या मागे, गाड्या लावायच्या शेडपलीकडे, केबलवाल्यांनी खणून अर्धवट सोडलेला एक खड्डा होता. तो बुजवून वर फरशीचे ठोकळे बसवायचेच होते. सेक्रेटरींना विपुलने एवढंच सांगितलं की आमच्याकडे भरायला माती आहे. त्यांनी उलट आभार मानले.

रविवारी ऊन चढायच्या आत आम्ही सुरुवात केली. हातांना पॉलिथिनच्या पिशव्या बांधल्या. झाडं उपटली, कुंड्या उपड्या केल्या, माती घमेल्यात, घमेलं खाली. कुंड्यांच्या तळाशी हुमण्या मरून पडल्या होत्या. औषधाने काम चोख केलं होतं. मामाजींना हातांमुळे काही उचलता येत नव्हतं, म्हणून ते खड्ड्याजवळ उभे राहिले. प्रत्येक घमेलं उपडं करण्याआधी विपुल क्षणभर त्यांच्याकडे बघायचा आणि ते मान हलवायचे. शेवटचं घमेलं झालं तेव्हा त्यांनी चप्पल काढून ठेवली, नमस्कार केला आणि आधी वर निघून गेले. मला वाटलं होतं, निदान त्या वेळी माझ्या मनात सासूबाईंविषयी काहीतरी येईल. पाठीत चमक भरली होती, तेवढीच जाणवत होती.

दुपारी सगळे झोपले. संध्याकाळी विपुल रिकाम्या कुंड्या भंगारवाल्याकडे द्यायला गेला. मी पाण्याने गॅलरी धुतली. फरशीला मूळचा पिवळसर रंग होता, ते मी विसरूनच गेले होते. कुंड्यांच्या जागी गोल डाग राहिले, ते घासूनही निघाले नाहीत. एकही चिलट नव्हतं. मी चहा केला, मामाजींचा कप त्यांना धरता येईल असा फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि आत जायला वळले. कूलरपुढे आडवं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं.

"साधना," ते म्हणाले, "मी आता दिवसभर कोनासंग बोलू?"

त्यात तक्रार नव्हती. माझ्या खिडकीशी येऊन लोक फलाट विचारतात तसं त्यांनी विचारलं होतं. खिडकीत मला प्रत्येकाला काहीतरी सांगता येतं. गाडी नसली तर गाडी नाही म्हणून सांगते. इथे काय सांगणार? माझ्याशी बोला, असं म्हणायला काही लागत नव्हतं. पण मी मला ओळखते. दोन दिवस ऐकलं असतं आणि तिसऱ्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या असत्या.

"मामाजी, मी संध्याकाळी लय थकून येते," मी म्हटलं. "मले बोलवत नाही."

"मले ठाव आहे," ते म्हणाले. "म्हनून तं तुले कदी काई बोललो नाई. तिले सांगत होतो."

मी विचारलं, काय सांगत होता. म्हणाले, काही नाही, हेच. आज तू उशिरा आली. आज तुझा चेहरा उतरलेला होता, म्हणून चहा मीच करून घेतला. मोनालीचा फोन आला नाही. विपुलची गाडी बडनेऱ्याला अडकली. कढीपत्त्याला नवीन पालवी फुटली. मी उभीच होते, मग दुसरी खुर्ची ओढून बसले. इतके दिवस मला हवी होती ती शांतता हे कुठून आणून देत होते, ते मला आत्ता कळत होतं.

"मंग आज काय सांगतलं असतं?" मी विचारलं.

त्यांनी कप फडक्यासकट मांडीवर ठेवला आणि मोकळ्या फरशीकडे बघितलं.

"सांगतलं असतं," ते म्हणाले, "का विपुलच्या माय, आज तुले खाली टाकून आलो."

सासूबाई गेल्या तेव्हा मामाजी रडले नव्हते. लोक आले, गेले, दहावं-तेरावं झालं, त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं. आता ते रडत होते, आणि हातांना पट्ट्या असल्यामुळे त्यांना डोळेही पुसता येत नव्हते. मी माझ्या पदराने पुसले.